समुद्रापर्यंतचा सराव

९ फेब्रुवारी

प्रिय गेथिन,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहायला बसले आहे. ठेव बाजूला, पण जाळू नकोस. कधी पावसाने मेंढ्यांची कातरणी बंद पडेल, लोकर ओली म्हणून सगळे शेडमध्ये पत्ते कुटत बसतील, तेव्हा वाच.

बातमी अशी की तुझी आई सप्टेंबरात पन्नास मैल चालणार आहे. तू हसू नकोस, तुझे बाबा पुरेसे हसलेत. बाला गावच्या तळ्यापासून निघायचं, आरेनिग डोंगराच्या कडेने रिनोगच्या डोंगरांत शिरायचं आणि दुसऱ्या दिवशी बारमथला समुद्रावर उतरायचं. प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्यांकडून देणग्या आणायच्या आणि त्या हवाई रुग्णवाहिकेला द्यायच्या. ते हेलिकॉप्टर लोकांच्या देणग्यांवरच उडतं. आपल्या वरच्या कुरणात ते उतरलं तेव्हा मेंढ्या दगडी भिंतीला चिकटून थरथरत होत्या, तेवढं मला स्वच्छ आठवतं. तुझ्या लेकीला, ग्वेनोला, आत ठेवताना मी तिला काय म्हणाले, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

कल्पना मेन्नाची, आमच्या सुनेची. शनिवारी ग्वेनोला आमच्याकडे सोडायला आली, तेव्हा दारातच म्हणाली, आई, तुम्हीही चला माझ्याबरोबर, थोडं थोडं वाढवत नेऊ, चालता चालता बोलताही येईल. तू न्यूझीलंडला गेल्याला तिसरा हिवाळा सरत आला, तरी ती मला आईच म्हणते. हे तुला मुद्दाम सांगते.

तुझे बाबा खुर्चीतून म्हणाले, "हिला कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जायचं तर वाटेत दोनदा टेकावं लागतं." मग काय, मी नाव घालूनच टाकलं.

पहिल्या खेपेला नुसतं तळ्याच्या कडेने गेलो. नव्या बुटांनी टाचेला हा एवढा फोड आणला. मेन्नाने मला भिंतीवर बसवून, मोजा काढून, पट्टी लावली; ग्वेनोला लावते तशी, फुंकर घालून. तिच्या अंगात तुझं हिरवं जाकीट होतं, बाह्या दुमडलेल्या. मी काही विचारलं नाही. पण नवऱ्याचं जाकीट बाई इतकी वर्षं उगाच वापरत नाही.

परतताना फाटकाशी थांबून ती म्हणाली, "आई, मला तुमच्याशी एक बोलायचं होतं."

मी म्हटलं, "गेथिनबद्दल ना? अगं, मलाही रोज आठवतो तो."

ती फाटकाची कडी लावायला वळली. बिचारीला तुझं नाव घेणंही जड जातं अजून.

ग्वेनो बरी आहे. उंच झालीय. बाबा बरे आहेत. घर होतं तिथेच आहे.

तुझी आई


२३ मार्च

प्रिय गेथिन,

तुझं कार्ड आलं. दोनच ओळी, पण तुझ्या हातच्या. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, बाई, खालच्या गोलार्धातून आलंय. बाबा तेव्हा गोठ्यात होते. एक मेंढी अडली होती आणि हात कोपरापर्यंत आत. मी तसंच ते त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी वाचलं. कोकरू निघालं, जिवंत निघालं, मग म्हणाले, पुन्हा धर बघू, चष्मा नव्हता.

तू दोन प्रश्न विचारलेस. ग्वेनो चालते का, आणि मेन्नाच्या बोटात अंगठी आहे का.

चालते. मागच्या पत्रात मी 'बरी आहे' म्हटलं, ते खोटं नव्हतं, अपुरं होतं. डाव्या पायाला गुडघ्यापासून घोट्यापर्यंत आधाराची पट्टी असते आणि तो पाय थोडा आखूड राहिलाय. पण धावतेसुद्धा. एक पाय पुढे टाकते आणि दुसऱ्याला बोलावून घेते. शाळेत कुणी चिडवलं तर त्याच्या पुढच्या वाढदिवसाला जात नाही, एवढीच तिची शिक्षा. मला 'नैन' म्हणून हाक मारते तेव्हा शेवटचं अक्षर लांबवते, तू तुझ्या आजीला मारायचास तशी.

आता अंगठी. बाबा रे, दिवसभर चाललं की हात सुजतात. मलाही ठाऊक नव्हतं. संध्याकाळी माझी बोटं फुगलेल्या पावासारखी होतात. टेगिडने आम्हा बायकांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं की अंगठ्या घरी ठेवा, नाहीतर पक्कड लावून कापाव्या लागतात. माझी साबण लावून कशीबशी निघाली. मेन्नाच्या बोटात त्या दिवशी आधीपासूनच नव्हती. मी बघतेय असं दिसल्यावर म्हणाली, बोटं सुजतात ना. तेव्हा तू ते मनाला लावून घेऊ नकोस. चालण्यापुरती काढते ती.

टेगिड म्हणजे फिरत्या वाचनालयाची गाडी चालवतो तो. तू गेल्यानंतर इकडे आला, तुला माहीत नसेल. बायको कधीच वारली, मूलबाळ नाही, उंच आणि किंचित पोक काढून चालणारा. आमच्या डझनभर माणसांच्या सरावात सगळ्यात शेवटी जो असेल त्याच्या मागून चालणं हे त्याचं काम. आणि सगळ्यात शेवटी मीच असते. मी थांबले की तोही थांबतो, आणि माझ्यासाठी थांबलाय असं न दाखवता कुठलीतरी भिंत नाहीतर पक्षी बघत राहतो. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हे त्यानेच शिकवलं. रविवारी आरेनिगवर असा वारा होता की बोललेलं शब्दागणिक उडून जात होतं, तरी आम्ही दोघं गप्पा मारत चढलो. माणसाच्या चेहऱ्याकडे बघावं लागलं नाही की किती बोलता येतं.

तुझ्याबद्दलही बोलले. म्हटलं, माझा मुलगा कातरायला गेलाय, परतेल, त्याची बायको त्याची वाट बघतेय. तो म्हणाला, "असं?" मग माझी पाठपिशवी उतरवून स्वतःच्या खांद्यावर घेतली. भला माणूस आहे.

मेन्ना पुढे होती. दोनदा तिने मागे वळून बघितलं, आम्ही येतोय ना म्हणून.

पुन्हा लिही. दोन ओळी चालतील.

तुझी आई


११ मे

प्रिय गेथिन,

पान भरून पत्र. मी ते आधी स्वयंपाकघरात वाचलं, मग अंगणात, मग बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. सप्टेंबरात येतोस, तिकीट काढलंस, चालणं संपतं त्या दिवशी बारमथच्या लाकडी पुलाच्या टोकाशी उभा राहणार, मेन्नाला आधी सांगू नकोस म्हणतोस. नाही सांगणार. बाबांनी ऐकून घेतलं आणि बाहेर गेले. थोड्या वेळाने बघते तर तुझ्या खोलीच्या खिडकीची गेली दोन वर्षं अडकणारी चौकट रंधा घेऊन तासत होते. मी विचारलं, आजच का? तर म्हणाले, आज वेळ आहे.

आता आमचा सराव जोरात आहे. शनिवार-रविवार असं लागोपाठ दोन दिवस चालायचं, म्हणजे थकलेल्या पायांनी पुन्हा उठण्याची सवय होते. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी बुटात पाय घालताना असते. गेल्या आठवड्यात रिनोगला गेलो. तिथे वाट म्हणजे झुडपांत लपलेले दगड आणि दगडांमध्ये दडलेलं पाणी. मी मांडीपर्यंत दलदलीत गेले. काढायला तिघंजण लागले, आणि निघाले तेव्हा एक बूट आतच राहिला होता. त्यासाठी वेगळी मोहीम झाली. डाव्या अंगठ्याचं नख काळं पडलंय. बाबा म्हणतात, मेंढीचं असतं तर कापून टाकलं असतं.

टेगिड त्या दिवशी नव्हता. त्याच्या आदल्या आठवड्यातही नव्हता. गाडीच्या फेऱ्या वाढल्यात असा निरोप होता. त्याच्याऐवजी बेकरीवाला शेवटी चालतो, पण तो घड्याळ बघत चालतो आणि माझा जीव दडपतो.

मेन्नाही हल्ली पुढेच असते. पूर्वी फाटकाफाटकाशी थांबायची, आता मी पोचेपर्यंत ती पुढचं फाटक ओलांडलेली असते. मी काही बोलायला जावं तर म्हणते, आई, दम टिकवा.

आणि ग्वेनोने परवा विचारलं, "नैन, टेगिड का येत नाही आता?" मी म्हटलं, तुझा काय संबंध त्याच्याशी? तर म्हणाली, ती पलंगावर पडून होती तेव्हा तो दर आठवड्याला गाडी त्यांच्या दाराशी लावायचा आणि पुस्तकांचा खोका वर आणून द्यायचा, नियमात बसत नसतानाही. गवताच्या पात्याची शिट्टी वाजवायला त्यानेच शिकवलं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे विचारलं होतं म्हणा.

एक लिहू की नको, असं चाललंय. लिहूनच टाकते. तुझ्या येण्याचं मी टेगिडला सांगितलं, एप्रिलच्या शेवटी, तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात. बाहेरचा माणूस, त्याला सांगायला काय हरकत, असं वाटलं. आनंद पोटात मावत नव्हता. त्याने विचारलं, "मेन्नाला ठाऊक आहे?" मी म्हटलं, तिला वेगळं कशाला सांगायचं, ती तर दिवस मोजतेय. त्यानंतर तो आला नाही.

योगायोग असेल.

तुझी खोली तयार आहे.

तुझी आई


२ जुलै

प्रिय गेथिन,

हे पत्र बसून वाच.

रविवारी आम्ही काडेर इड्रिसवरून उतरत होतो. उतार गुडघ्यांना चढापेक्षा वाईट. बाकीचे पुढे गेले होते. मेन्ना मात्र त्या दिवशी माझ्यासाठी थांबली. कुंपण ओलांडायच्या दगडी पायऱ्यांवर बसली होती, मी पोचले तरी उठली नाही. मला जायला वाटच नव्हती, म्हणून मीही उभी राहिले.

म्हणाली, "आई, तुम्ही टेगिडला काय सांगितलंत?"

मी सांगितलं जे सांगितलं होतं ते. तुझ्या तिकिटाचंही तोंडातून निघून गेलं. तिने डोळे मिटून घेतले. म्हणाली, "मी तुम्हाला या चालण्यात ओढलं ते कशासाठी, माहिताय? स्वयंपाकघरात समोरासमोर बसून मला सांगता आलं नसतं. वाटलं, चालताना सांगता येईल, तुम्ही पुढे बघत असाल, मी पुढे बघत असेन. तळ्याशी सांगायला गेले. आरेनिगच्या पायथ्याशी गेले. दर वेळी माझं तोंड उघडलं की तुम्ही त्यात गेथिनला घालता."

मग तिने सांगितलं. तिचं आणि टेगिडचं. मागच्या शरदापासून. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त ते तिला आधी माझ्या कानावर घालायचं होतं, कारण ग्वेनोला माझ्याशी खोटं बोलायला लावायचं नव्हतं. टेगिडने मी सांगितल्यावर तिला एकदाच विचारलं, तू त्याची वाट बघते आहेस का. ती एवढी दुखावली की उत्तरच दिलं नाही. त्याने तेच उत्तर समजून घेतलं आणि बाजूला झाला. भली माणसं अशीच मूर्ख असतात.

मी तेव्हा जे बोलले ते तुला कळायलाच हवं. मी म्हणाले, "पोरीचा पाय गेला म्हणून तू त्याला कधी माफ केलं नाहीस."

तिने आवाज चढवला नाही. म्हणाली, "ती शेतावरची चारचाकी क्वाडबाइक कुणाच्याही हातून उलटते. त्या उतारावर माझ्याही हातून उलटली असती. त्याचं मला काही नाही. पण ग्वेनो शुद्धीवर येऊन बाबा कुठे म्हणून विचारत होती, तेव्हा तो विमानात होता. मी दोन हिवाळे वाट बघितली, आई. मग एक दिवस लक्षात आलं की मी वाट बघायची विसरून गेलेय. ते टेगिडमुळे नाही. तो त्याच्यानंतर."

मी त्या जाकिटाचं विचारलं. विचारू नये ते. म्हणाली, त्यात पाणी शिरत नाही.

मग थोड्या वेळाने, आपणहून, असंही म्हणाली: "त्या आठवड्यात मी त्याला एकदा जरी म्हटलं असतं की तुझी चूक नाही, तरी तो थांबला असता कदाचित. म्हणता आलं असतं. नाही म्हटलं."

तिच्या वाट्याचं तिने उचललं. मला माझं उचलायला हवं. दवाखान्याच्या व्हरांड्यात बाबा तुला म्हणाले की कुत्र्याच्या भरवशावर सोडली असती तरी पोर धड राहिली असती, तेव्हा मी तुमच्या दोघांच्या मध्ये, हातात कॉफीचे कप घेऊन उभी होते. गरम होते म्हणून कप खाली ठेवायला जागा शोधत होते. जागा सापडली तोवर तू जिन्यावर होतास.

आणि आता वर हे. अंगठीचं मी तुला जे लिहिलं ते लिहिताना माझ्या मनात शंका होती. वाट बघते, दिवस मोजते, हे मेन्ना कधीच म्हणाली नव्हती. ती मीच. तुला घरी आणायला मी तिला आमिष म्हणून लावलं, आणि तेही तिला न विचारता.

म्हणून सांगते: तू पुलाच्या टोकाशी उभा राहशील ते मेन्नासाठी असेल तर उभा राहू नकोस. तिला सगळ्यांदेखत तोंडावर पाडू नकोस, स्वतःलाही नको. लेकीसाठी येत असशील, तर ये. आमच्यासाठी येत असशील, तर ये. तुझी खोली तयार आहे हे तेवढं खरं होतं.

तुझी आई


२४ ऑगस्ट

प्रिय गेथिन,

तुझी चिठ्ठी मिळाली. 'कळवलंस ते बरं झालं. तिकीट परत केलं. सगळ्यांना बरं असू दे.' मी ती बाबांना वाचून दाखवली नाही, त्यांच्या हातात दिली. त्यांनी तुझ्या खोलीची खिडकी लावून घेतली, आता ती आवाज न करता लागते, आणि कुत्र्याला घेऊन वरच्या कुरणात गेले.

तुझ्यावर राग नाही. मार्चमध्येच खरं लिहिलं असतं तर तू कदाचित मेन्नाविना येण्याची तयारी हळूहळू केली असतीस, किंवा केली नसतीस. पण मी तुला उंच चढवून ढकलल्यासारखं तरी झालं नसतं. ही खंत आता माझ्याबरोबर झोपते आणि माझ्याआधी उठते.

तुझी चिठ्ठी आल्यानंतर दोन दिवसांनी मी टेगिडकडे गेले. त्याची गाडी गुरुवारी चॅपेलच्या मागे उभी असते. आत एक म्हातारी मोठ्या अक्षरांची पुस्तकं चाळत होती, ती जाईपर्यंत मी पाककृतींचं एक पुस्तक उलटं धरून उभी होते.

तो म्हणाला, "प्रायसबाई, ते सुलट धरलंत तरी तुम्हाला त्यातलं सगळं येतं."

मी म्हटलं, "टेगिड, वाट मी बघत होते. ती नव्हती बघत. मी तुला खोटं सांगितलं."

तो पुस्तकं फळीवर नीट लावत राहिला, आधीच नीट होती ती. मग विचारलं, "तुमचा मुलगा येणार होता ना?"

"आता नाही येणार."

"मला त्याचा आनंद होईल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "तसं वाटलं असतं तर आलेच नसते."

त्याने गाडीच्या पायरीवर मला बसायला जागा करून दिली आणि स्वतः शेजारी बसला. तुझ्याबद्दल विचारलं त्याने. मेन्नाचा नवरा म्हणून नाही. तू कसा आहेस, हाताने काय करायला आवडतं, गातोस का. मी सांगितलं की तुला उजव्या-डाव्या दोन्ही हातांनी कातरता येतं आणि लहानपणी चॅपेलमध्ये तू उंच पट्टीत गायचास, मग आवाज फुटला आणि तू गायचं सोडूनच दिलंस. बोलता बोलता मला कळलं की गेल्या तीन वर्षांत तू कसा होतास हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सगळे फक्त तू काय केलंस एवढंच जाणून होते.

रविवारी तो सरावाला आला. मेन्ना पुढे होती. तिने मागे वळून बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि पुन्हा चालू लागली. पण पुढच्या फाटकाशी ती थांबलेली होती. मी मुद्दाम बुटाची नाडी सोडली आणि बांधत बसले.

तुला हे वाचवत नसेल. पण अर्धंमुर्धं लिहायचं मी आता सोडलंय.

आई


१७ सप्टेंबर

प्रिय गेथिन,

चालले मी. संपूर्ण. पाय सध्या मिठाच्या पाण्यात आहेत आणि पत्र मांडीवर.

पहिला दिवस सोपा गेला म्हणण्यासारखा होता. ढग खाली होते, ऊन नव्हतं, आणि वाटेवरच्या शेतांतली माणसं फाटकाशी चहा घेऊन उभी होती. एका म्हातारीने मला ब्रेडचा जाड तुकडा लोणी लावून दिला आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याला त्या हेलिकॉप्टरने नेलं होतं, वाचला नाही, पण त्या लोकांनी त्याचा हात शेवटपर्यंत धरला होता. आम्ही शाळेच्या सभागृहात जमिनीवर झोपलो. मेन्नाने माझ्या पायांना पट्ट्या लावल्या, मी तिच्या.

दुसऱ्या दिवशी रिनोगमध्ये पाऊस लागला. दुपारी एका खिंडीत मी बसले ती बसलेच. पाय माझे नव्हतेच. बेकरीवाला म्हणाला, खाली रस्ता लागतो, गाडी बोलावू. टेगिड भिंत बघत उभा राहिला. मेन्ना बरीच पुढे गेली होती, ती उलट चढून वर आली. मला वाटलं आता समजूत घालेल. तिने माझ्यासमोर बसून सुके जर्दाळू काढले, एक मला दिला, एक स्वतः खाल्ला, आणि म्हणाली, "मी तुम्हाला सोडून पुढे गेले तर ग्वेनो मला घरात घेणार नाही."

मी म्हटलं, "काडेरच्या खाली मी जे बोलले ते..."

"हो," ती म्हणाली. "लागलं ते. लागलेलं आहे. उठा आता."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मी उठले.

संध्याकाळी ढग फुटले आणि खाडी दिसली, ओहोटीची, सगळी चमकती वाळू. पुलाच्या अलीकडच्या टोकाशी बाबा ग्वेनोला घेऊन आले होते. तिला पूल आमच्याबरोबर ओलांडायचा होता. तो लांब आहे, तुला माहीत आहे, आणि फळ्या ओल्या होत्या. बाबा नको म्हणत होते. ती ऐकणाऱ्यातली नाही. ती पुढे झाली, एक पाय टाकत आणि दुसऱ्याला बोलावत, आणि सगळा जथा तिच्या मागे तिच्या चालीने चालू लागला. कुणी तिला ओलांडून गेलं नाही. मेन्ना तिच्या एका बाजूला होती. दुसऱ्या बाजूला टेगिडने जायला हवं होतं, पण तो गेला नाही. शेवटी माझ्या मागेच राहिला, आपलं काम करत. ती जागा पूलभर रिकामी राहिली. ती कुणाची, हे मी तुला सांगायला नको, आणि तुला टोचावं म्हणूनही सांगत नाही. दिसलं म्हणून सांगते.

पलीकडे टाळ्या, चहा, गळ्यात फिती. मी मात्र त्या टोकाशी, रेलिंगजवळ, उगाचच चेहरे बघत होते. तिकीट परत केलंस हे ठाऊक असूनही. बाबाही बघत होते. आमची नजरानजर झाली तशी त्यांनी नाक शिंकरलं आणि गाडी कुठे लावलीय ते सांगायला लागले.

घरी येताना ग्वेनो मागच्या सीटवर झोपली होती. मेन्ना टेगिडच्या गाडीतून आली. बाबा गाडी चालवत होते. गेल्या तीन वर्षांत त्यांनी तुझं नाव तोंडातून काढलेलं नाही, तुला माहीत आहे. 'तो' म्हणतात, नाहीतर काहीच म्हणत नाहीत. काल सकाळी मी कागद घेऊन बसले तेव्हा ते दाराशी बूट चढवत होते. एक बूट चढवला आणि दुसरा हातात धरून म्हणाले:

"गेथिनला लिहितेस?"

मी हो म्हटलं.

"त्याला लिही, औंदा कातरणी वाईट झाली. आलेला माणूस घाई करत होता, चार मेंढ्यांना जखमा केल्या. पुढच्या जूनला माणूस मिळेल की नाही सांगता येत नाही, म्हणावं."

मी विचारलं, "एवढंच लिहू?"

त्यांनी दुसरा बूट चढवला, नाडी बांधली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली. "एवढंच," म्हणाले, आणि कुत्र्याला शीळ घालून वर निघून गेले.

तर ते बोलले तसं, शब्दाला शब्द, वर लिहिलंय. त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही.

तुझी आई